स्टाफ पार्टी आणि माणशी १५० पौंड: ब्रिटनमधल्या अगदी छोट्या लिमिटेड कंपनीसाठी पायरीवार मार्गदर्शन

ब्रिटनमध्ये स्वतःची एक-दोन किंवा पाच-सात माणसांची लिमिटेड कंपनी चालवणाऱ्यांकडून दर जानेवारीत एकच प्रश्न येतो: "डिसेंबरात सगळ्यांना जेवायला नेलं होतं, माणशी १५० पौंड माफ असतात ना?" प्रश्न बरोबर आहे, वेळ चुकलेली असते. बिल दिलेलं असतं, कोण आलं होतं ते नीट आठवत नसतं आणि हातात कार्ड मशीनची एक चिठ्ठी असते. या नियमाचा फायदा मिळणार की नाही हे बहुतेक वेळा टेबल बुक करतानाच ठरून जातं. म्हणून हे मार्गदर्शन बुकिंगच्या आधीपासून सुरू होतं. पायऱ्या याच क्रमाने घ्या.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. स्टाफ पार्टीच्या एकाच बिलावर तीन वेगवेगळे कर लागू होतात आणि तिघांचे नियम वेगळे आहेत.

- पार्टीला आलेल्या कर्मचाऱ्याचा इन्कम टॅक्स आणि त्यावर कंपनीने भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची वर्गणी). १५० पौंडांची मर्यादा फक्त इथली आहे. ती इन्कम टॅक्स (अर्निंग्ज अँड पेन्शन्स) अ‍ॅक्ट २००३ च्या कलम २६४ मध्ये आहे.
- कंपनीचा कॉर्पोरेशन टॅक्स, म्हणजे नफ्यावरचा कर. इथे १५० चा आकडा कुठेच येत नाही.
- व्हॅट. इथेही नाही. इथे प्रश्न एवढाच की जेवायला बसलेला माणूस कर्मचारी आहे की पाहुणा.

"१५० च्या वरचा खर्च कंपनीला धरता येत नाही" आणि "१५० च्या आत आहे म्हणजे सगळा व्हॅट परत मिळतो" ही दोन्ही वाक्यं सर्रास ऐकू येतात. दोन्ही चूक आहेत.

पायरी १: तुमचा कार्यक्रम सवलतीत बसतो का ते पाहा

कलम २६४ ची सवलत कुठल्याही जेवणाला मिळत नाही. त्यासाठी तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात.

पहिली, कार्यक्रम वार्षिक असावा. ख्रिसमस पार्टी आणि उन्हाळ्यातलं बार्बेक्यू ही एचएमआरसीची (ब्रिटनच्या कर खात्याची) नेहमीची उदाहरणं आहेत, पण सण कोणता असावा असं कायदा सांगत नाही. दरवर्षी दिवाळीला सगळ्या स्टाफला जेवण देत असाल तर तेही चालतं. कंपनीला दहा वर्षं झाली म्हणून दिलेली मेजवानी मात्र चालत नाही, कारण दहावं वर्ष एकदाच येतं. मोठं काम मिळाल्याचा आनंद, एखाद्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ किंवा शुक्रवारी सहज ठरलेलं जेवण हेही वार्षिक नाही.

दुसरी, तो सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी खुला असावा. कंपनीची दोन ठिकाणी कार्यालयं असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी पार्टी चालते, फक्त त्या ठिकाणच्या सगळ्यांना बोलावणं असलं पाहिजे. आमंत्रण सगळ्यांना हवं, सगळ्यांनी यायलाच हवं असं नाही. कंपनीत चार कर्मचारी असताना दोन डायरेक्टरच जेवायला गेले तर सवलत गेली, मग बिल माणशी ४० पौंडांचं असलं तरीही.

तिसरी, खर्च माणशी १५० पौंडांपेक्षा जास्त नसावा. बरोबर १५० चालतात. १५० पौंड आणि एक पेनी चालत नाही.

या तिसऱ्या अटीवरच बहुतेकांचा पाय घसरतो, म्हणून स्पष्ट सांगतो. १५० ही वजावट नाही. माणशी खर्च १६० झाला तर कर वरच्या १० पौंडांवर लागत नाही, पूर्ण १६० वर लागतो. मर्यादा ओलांडली की पहिल्या पेनीपासून सगळी रक्कम करपात्र होते.

सावधान: ही सवलत कंपनीच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. तुम्ही सोल ट्रेडर (कंपनी न काढता स्वतःच्या नावाने धंदा करणारे) असाल तर तुम्ही स्वतःचे कर्मचारी नाही, त्यामुळे स्वतःच्या जेवणाचा खर्च यात बसत नाही. भागीदारीतल्या भागीदारांचंही तसंच.

तपासा: पहिल्यांदाच पार्टी करत असाल तर कंपनीच्या नोंदीत दोन ओळी लिहून ठेवा: "कंपनी दरवर्षी डिसेंबरमध्ये सर्व कर्मचाऱ्यांसाठी वार्षिक भोजन आयोजित करेल. या वर्षीचं भोजन अमुक तारखेला." पहिल्या वर्षी "हे वार्षिक कशावरून?" याला तुमच्याकडे दुसरं उत्तर नसतं.

पायरी २: नावांची यादी करा आणि प्रत्येक नावापुढे नातं लिहा

रेस्टॉरंट शोधण्याआधी कागदावर नावं लिहा. प्रत्येक नावापुढे चारपैकी एक शब्द: कर्मचारी, कर्मचाऱ्याचा पाहुणा, ग्राहक, इतर. पुढचं सगळं गणित याच यादीवर चालतं.

कर्मचारी म्हणजे पगारपत्रकावरची माणसं. कंपनीचा डायरेक्टरही यात येतो. माजी कर्मचारी, नोकरीसाठी मुलाखत दिलेला उमेदवार किंवा फक्त शेअर नावावर असलेला घरातला माणूस कर्मचारी नसतो. तुमच्याकडे स्वतःचं इन्व्हॉइस देऊन काम करणारे स्वतंत्र व्यावसायिकही कर्मचारी नाहीत, रोज शेजारी बसत असले तरी. त्यांना "इतर" मध्ये टाका.

पाहुणे म्हणजे कर्मचाऱ्यांचे पती, पत्नी, जोडीदार. माणशी खर्च काढताना यांची डोकी मोजली जातात. म्हणजे एक कर्मचारी आणि त्याची पत्नी मिळून मर्यादा ३०० पौंडांची होते. पण ही ३०० ची थैली नव्हे. कर्मचाऱ्यावर २०० आणि पत्नीवर १०० असा वेगळा हिशोब नसतो, एकूण खर्चाला एकूण माणसांनी भागायचं.

ग्राहकांना स्टाफ पार्टीत बोलावणं छोट्या कंपन्यांना सोयीचं वाटतं. कराच्या दृष्टीने ते महाग पडतं. त्यांच्या वाट्याचा खर्च कॉर्पोरेशन टॅक्ससाठी धरता येत नाही आणि त्यांच्या वाट्याचा व्हॅटही परत मिळत नाही. आणि पाहुण्यांत ग्राहकच जास्त, स्टाफ त्यांची सरबराई करायला, असं चित्र झालं तर पूर्ण कार्यक्रमच ग्राहकांच्या पाहुणचारात मोडतो. मग स्टाफच्या वाट्याचा खर्चही नामंजूर होऊ शकतो. ग्राहकांना जेवण द्यायचंच असेल तर वेगळ्या दिवशी द्या.

एकच डायरेक्टर असलेली कंपनी

सगळ्यात जास्त शंका इथे असतात. डायरेक्टर हा कंपनीचा एकमेव कर्मचारी असेल तर तो म्हणजेच सगळा स्टाफ, त्यामुळे "सगळ्यांसाठी खुला" ही अट तिथेच पूर्ण होते. वर्षातून एकदा त्याने जोडीदारासह कंपनीच्या खर्चाने वार्षिक जेवण घेतलं आणि एकूण खर्च ३०० पौंडांत राहिला, तर सवलत घेता येते.

पण हात आखडता ठेवा. कॉर्पोरेशन टॅक्सची मूळ अट तशीच उभी असते: खर्च पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झालेला असावा. जेवणाची तारीख लग्नाच्या वाढदिवसाची आणि बिल कंपनीच्या नावावर, असं दिसलं की ते स्टाफचं वार्षिक जेवण आहे हे पटवणं कठीण होतं. मुलं, आईवडील, भावंडं अशी आठ डोकी धरून १,२०० पौंडांचं जेवण भागाकारात बसेलही. प्रश्न भागाकाराचा राहत नाही, हा कंपनीचा कार्यक्रम होता की घरचा, हा होतो. एकट्या डायरेक्टरच्या कंपनीने डायरेक्टर आणि जोडीदार यापलीकडे जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

पायरी ३: बजेट करा, आणि न येणाऱ्यांसाठी जागा सोडा

माणशी खर्चात काय काय येतं? सगळं. जेवण, पेयं, हॉलचं भाडं, संगीत, सजावट, वेटरची टीप, लोकांना घरी सोडणाऱ्या टॅक्सी, रात्री राहायची सोय केली असेल तर हॉटेल. आणि हे सगळं व्हॅटसकट. नंतर व्हॅट परत मिळणार असला तरी १५० च्या तुलनेसाठी रक्कम व्हॅट धरूनच घ्यायची. कंपनी व्हॅट-नोंदणीकृत आहे म्हणून व्हॅट वजा करून भागाकार करणं ही अगदी नेहमीची चूक.

भागायचं कशाने? जे प्रत्यक्ष आले त्यांच्या संख्येने. जेवढ्यांचं बुकिंग केलं त्यांच्या नव्हे. दोन वाक्यांचा हा फरक अनेकांचा घात करतो, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू.

सहा कर्मचारी (त्यात एक डायरेक्टर) आणि चार जोडीदार, असे दहा जण. ठरावीक मेनू, पैसे आगाऊ भरलेले.

- जेवण आणि पेयं, व्हॅटसकट: १,०८० पौंड (त्यात व्हॅट १८०)
- ऐच्छिक सर्व्हिस चार्ज साडेबारा टक्के: १३५ पौंड
- परतीच्या टॅक्सी: १३५ पौंड
- एकूण: १,३५० पौंड

दहा जण आले तर माणशी १३५. ठीक. एक जण आजारी पडला, नऊ आले: माणशी बरोबर १५०. काठावर, पण आत. दोन जण आले नाहीत: १,३५० भागिले ८, म्हणजे १६८ पौंड ७५ पेन्स. पैसे आगाऊ भरलेले असल्यामुळे बिल कमी झालं नाही आणि संध्याकाळी दोन जणांना ताप आल्यामुळे सगळी सवलत गेली.

नुसतं रेस्टॉरंटचं मेनूकार्ड पाहिलं तर हाच आकडा माणशी १०८ दिसतो. "अजून ४० पौंड हातात आहेत, वरची वाइन घेऊ" हा निर्णय याच १०८ कडे पाहून होतो. टीप आणि टॅक्सी मिळून माणशी २७ पौंड कुणी मोजलेलेच नसतात.

बजेट करताना दहा-बारा जणांसाठी हा नियम ठेवा: एकूण अंदाजाला बुकिंगपेक्षा दोनने कमी संख्येने भागा. उत्तर १५० च्या आत आलं तरच बुक करा. दहा जणांसाठी याचा अर्थ एकूण खर्च १,२०० पौंडांच्या आत, म्हणजे माणशी १२०.

पेयांचं बिल ही दुसरी गळती. बारवर कंपनीच्या नावाने उघडं खातं ठेवू नका. ठरावीक रकमेपर्यंत कंपनी देईल आणि पुढे ज्याचं त्याने बारला थेट द्यावं, असं रेस्टॉरंटला लेखी कळवा. लोकांनी स्वतः बारला दिलेले पैसे कंपनीचा खर्च नाहीत, त्यामुळे ते भागाकारात येत नाहीत.

तपासा: रेस्टॉरंटची अंतिम संख्या कळवण्याची तारीख कोणती? तिच्या आदल्या दिवशी प्रत्येकाकडून हो किंवा नाही घ्या. "बघतो, कळवतो" म्हणजे नाही असं धरा.

पायरी ४: कर-वर्षातल्या बाकी कार्यक्रमांशी जोडून पाहा

१५० पौंड एका पार्टीसाठी नाहीत, पूर्ण कर-वर्षासाठी आहेत, आणि कर-वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असं असतं. कंपनीचं हिशोबाचं वर्ष डिसेंबरला संपत असलं तरी इथे उपयोग नाही.

समजा वर्षात तीन वार्षिक कार्यक्रम झाले: माणशी ६० पौंडांचं वसंतातलं जेवण, ४५ पौंडांचं उन्हाळी बार्बेक्यू, ९० पौंडांची डिसेंबरची पार्टी. बेरीज १९५. सगळं करपात्र झालं का? नाही. कोणते कार्यक्रम सवलतीत घ्यायचे हे तुम्ही निवडू शकता, पूर्ण कार्यक्रम घ्यायचा एवढंच. इथे ९० आणि ६० घ्या, बरोबर १५०. करपात्र राहतं ते ४५ चं बार्बेक्यू. जो सगळ्यात आधी झाला त्यालाच आधी सवलत द्यायची, असा नियम नाही.

सावधान: टेबल मिळालं नाही म्हणून डिसेंबरची पार्टी जानेवारीत ढकलली तर हरकत नाही, कर-वर्ष तेच. पण जानेवारी २०२६ मध्ये पार्टी झाली आणि आधी जून २०२५ मध्येही झाली असेल, तर दोन्ही २०२५-२६ मध्येच मोजायच्या. "नवीन वर्ष, नवे १५०" असं नसतं.

पायरी ५: बुकिंग कंपनीच्या नावाने, पैसे कंपनीच्या कार्डाने

इथे फार बोलण्यासारखं नाही, पण चूक झाली तर दुरुस्त करणं कटकटीचं. बुकिंगचा ईमेल कंपनीच्या नावाने असू द्या. पैसे कंपनीच्या खात्यातून जाऊ द्या. डायरेक्टरने स्वतःच्या कार्डाने भरून नंतर कंपनीकडून घेतले तर करार कुणी केला, कंपनीने कर्मचाऱ्याचं वैयक्तिक देणं फेडलं का, असे नॅशनल इन्शुरन्सचे फाटे फुटू शकतात.

व्हॅट परत घ्यायचा असेल तर कार्ड मशीनची चिठ्ठी पुरत नाही. २५० पौंडांपर्यंतच्या बिलाला साधी व्हॅट पावती चालते. त्याच्या वर कंपनीचं नाव-पत्ता असलेलं पूर्ण व्हॅट इन्व्हॉइस लागतं. ते त्याच रात्री मागा. ऐन हंगामात रेस्टॉरंटकडून तीन आठवड्यांनी इन्व्हॉइस मिळवणं म्हणजे फोनवर फोन.

इन्व्हॉइसवर सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे की सक्तीचा तेही बघा. ऐच्छिक असेल तर त्यात व्हॅट नसतो, सक्तीचा असेल तर असतो. एकूण रकमेला सहाने भागून व्हॅट काढणारे इथे फसतात. आपल्या उदाहरणात रेस्टॉरंटचे १,२१५ भागिले ६ म्हणजे २०२ पौंड ५० पेन्स येतात, प्रत्यक्षात व्हॅट १८० च आहे.

पायरी ६: दुसऱ्या दिवशी एक पान लिहा

आठवड्याने नको, दुसऱ्याच दिवशी. पानावर हे असावं: कार्यक्रमाचं नाव आणि तारीख, आमंत्रण कुणाला होतं, प्रत्यक्ष कोण आलं (पायरी २ च्या यादीवर खूण करत), प्रत्येक बिलाची रक्कम, एकूण, आलेल्यांची संख्या, भागाकार. टॅक्सीच्या पावत्या बऱ्याचदा कुणाच्या तरी फोनमध्ये अडकलेल्या असतात, त्या याच दिवशी मागवा. हे पान इन्व्हॉइससोबत किमान सहा वर्षं ठेवा.

आमंत्रणाचा ईमेलही जपा. कार्यक्रम सगळ्यांसाठी खुला होता याचा तोच पुरावा.

पायरी ७: हिशोबाच्या वहीत योग्य ठिकाणी टाका

हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये "एंटरटेनमेंट" असं एकच खातं असेल तर आधी दोन करा: स्टाफचं वेगळं, ग्राहकांचं वेगळं. ग्राहकांवरच्या पाहुणचाराचा खर्च कॉर्पोरेशन टॅक्सच्या हिशोबात नफ्यात पुन्हा जोडावा लागतो, म्हणजे तो धरता येत नाही. दोन्ही एकाच खात्यात असले की वर्षाअखेरीला स्टाफचा मंजूर खर्चही त्याबरोबर नामंजूर होऊन बसतो.

कॉर्पोरेशन टॅक्ससाठी स्टाफचा खर्च पूर्ण धरता येतो, माणशी १५० च्या वर गेला तरी. वर गेल्याचा फटका इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्समध्ये बसतो. जोडीदारांचा खर्चही सहसा स्टाफसाठीचा म्हणूनच धरला जातो.

व्हॅटचं तसं नाही. कर्मचाऱ्यांच्या वाट्याचा व्हॅट परत मिळतो, पाहुण्यांच्या वाट्याचा नाही. आपल्या उदाहरणात दहाही जण आले असते तर १८० पैकी सहा दशांश, म्हणजे १०८ पौंड परत मिळतात. उरलेले ७२ खर्चातच राहतात. मग कंपनीचा खर्च १,३५० वजा १०८, म्हणजे १,२४२ पौंड. ५० हजार पौंडांपर्यंत नफा असलेल्या, म्हणजे १९ टक्के दर लागणाऱ्या कंपनीचा त्यावर साधारण २३६ पौंड कॉर्पोरेशन टॅक्स वाचतो. बाकीचे हजारभर पौंड कंपनीच्याच खिशातून जातात. करात सवलत आहे म्हणून पार्टी फुकट होत नाही, हे खर्च ठरवताना लक्षात असू द्या.

फक्त डायरेक्टरच जेवले असतील तर व्हॅट अजिबात परत घेऊ नका. डायरेक्टर इतर कर्मचाऱ्यांसोबत पार्टीला असतील तर त्यांचा वाटा चालतो, एकटेच असतील तर एचएमआरसी तो व्यवसायाचा वापर मानत नाही. म्हणजे एका डायरेक्टरच्या कंपनीत जोडीदारासह झालेल्या जेवणावर इन्कम टॅक्सची सवलत मिळू शकते, व्हॅट मात्र मिळत नाही.

फ्लॅट रेट स्कीममध्ये (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने व्हॅट भरण्याच्या योजनेत) असाल तर अशा खर्चावरचा व्हॅट परत मिळतच नाही. पूर्ण रक्कम खर्चात टाका.

पायरी ८: मर्यादा ओलांडली असेल तर दोनच रस्ते आहेत

उदाहरणातले दोन जोडीदार आले नाहीत. सहा कर्मचारी, दोन पाहुणे, माणशी १६८.७५. आता पूर्ण १,३५० करपात्र.

पहिला रस्ता, पी११डी, म्हणजे कर्मचाऱ्यांना मिळालेले लाभ एचएमआरसीला कळवायचा फॉर्म. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावावर त्याचा लाभ दाखवायचा. एकटा आलेल्यावर १६८.७५, जोडीदारासह आलेल्यावर ३३७.५०, कारण त्याच्या पाहुण्याचा लाभही त्याच्याच नावावर. २० टक्के दराने एकट्याला ३३ पौंड ७५ पेन्स कर बसतो, जोडीने आलेल्याला ६७ पौंड ५० पेन्स. कंपनी १,३५० वर क्लास १ए नॅशनल इन्शुरन्स भरते. ६ एप्रिल २०२५ पासून त्याचा दर १५ टक्के आहे, म्हणजे २०२ पौंड ५० पेन्स. पी११डी आणि पी११डी(बी) (कंपनीने भरायचा एकूण क्लास १ए दाखवणारा फॉर्म) कर-वर्ष संपल्यावर ६ जुलैपर्यंत ऑनलाइन भरायचे (कागदी अर्ज आता घेत नाहीत), कर्मचाऱ्यांना माहितीही त्याच तारखेपर्यंत द्यायची, आणि क्लास १ए ची रक्कम ऑनलाइन भरत असाल तर २२ जुलैपर्यंत.

दुसरा रस्ता, पीएवायई (PAYE, पगारातूनच कर कापण्याची पद्धत) सेटलमेंट अ‍ॅग्रीमेंट. स्टाफचा कर कंपनीच भरते. ज्यांना प्रेमाने जेवायला बोलावलं त्यांच्याच हातात कराचं बिल द्यायचं नसेल तर हा. पण इथे कर वाढवून मोजला जातो, कारण कर्मचाऱ्याचा कर भरणं हाही त्याला झालेला लाभच. सगळे २० टक्क्यांच्या पट्ट्यात असतील तर १,३५० गुणिले २० भागिले ८०, म्हणजे ३३७ पौंड ५० पेन्स कर. त्यावर क्लास १बी नॅशनल इन्शुरन्स: १,३५० अधिक ३३७.५० याच्या १५ टक्के, म्हणजे २५३ पौंड १३ पेन्स. एकूण ५९० पौंड ६३ पेन्स. कुणी ४० टक्क्यांच्या पट्ट्यात असेल तर त्याच्या वाट्याला ४० भागिले ६० असं गुणायचं. स्कॉटलंडमध्ये इन्कम टॅक्सचे पट्टे वेगळे आहेत, तिथल्या कर्मचाऱ्यांचा हिशोब त्या दरांनी करा. करार कर-वर्षानंतरच्या ५ जुलैपर्यंत व्हायला हवा, आणि पैसे ऑनलाइन २२ ऑक्टोबरपर्यंत.

एक-दोन माणसांच्या कंपनीसाठी पी११डी सरळ पडतं. पाच-सहा कर्मचारी असतील तर करार बरा. काहीच न करणं हा तिसरा रस्ता नाही. पी११डी(बी) उशिरा भरलं तर ५० कर्मचाऱ्यांपर्यंत दरमहा १०० पौंड दंड आहे, आणि तो तीन माणसांच्या कंपनीलाही तेवढाच.

पायरी ९: छोट्या खर्चासाठी दुसरी सवलत वापरा

वार्षिक नसलेलं छोटं जेवण, पार्टीत दिलेली भेटवस्तू, वाढदिवसाचा केक हे कलम २६४ मध्ये कोंबू नका. त्यासाठी याच कायद्याचं कलम ३२३ए आहे, किरकोळ लाभांचं. व्हॅटसकट माणशी ५० पौंडांपर्यंत, रोख किंवा रोखीत बदलता येणारं व्हाउचर नको, नोकरीच्या करारात कबूल केलेलं नको, आणि कामाचं बक्षीस म्हणून दिलेलं नको. "हे काम वेळेत संपवलंत म्हणून" असं कार्डावर लिहिलंत तर सवलत गेली. इथेही ५१ पौंड झाले की पूर्ण ५१ करपात्र.

छोट्या, घरच्या कंपनीच्या डायरेक्टरसाठी याला वर्षाची ३०० पौंडांची एकूण मर्यादा आहे, आणि कर्मचारी नसलेल्या घरच्या माणसाला दिलेली भेटही त्याच ३०० मध्ये मोजतात. साध्या कर्मचाऱ्यांना ही एकूण मर्यादा नाही. पायरी ४ मधलं ४५ पौंडांचं बार्बेक्यू या अटींत बसत असेल तर इथे घेऊन टाका, त्यावर कर लागणार नाही.

मागच्या वर्षी चुकलं असेल तर

आधी पायरी ६ चं पान मागच्या वर्षासाठी लिहून काढा: ईमेल, फोटो, बँकेचा उतारा यांवरून कोण आलं होतं ते बऱ्यापैकी जुळवता येतं. मग एकेक कर वेगळा दुरुस्त करा. व्हॅट जास्त परत घेतला असेल आणि एकूण निव्वळ चूक १०,००० पौंडांच्या आत असेल तर पुढच्या व्हॅट विवरणपत्रातच ती वळती करता येते. कॉर्पोरेशन टॅक्सचं विवरणपत्र, ते भरण्याच्या कायदेशीर अंतिम तारखेनंतर बारा महिन्यांच्या आत सुधारता येतं. पी११डी भरलंच नसेल तर आज भरा, दंड महिन्याच्या हिशोबाने वाढत असतो. चूक एचएमआरसीने विचारण्याआधी तुम्ही स्वतः कळवली तर चुकीवरचा दंड कमी होतो, म्हणून हे काम पुढच्या पार्टीचं टेबल बुक करायच्या आधी उरका.